कपड्यांची इंग्रजी जोडक्रियापदं इटालियनमध्ये कशी न्यावीत: मराठीच्या वाटेने एक सविस्तर मार्गदर्शक

'टेक ऑफ'मधला 'ऑफ' इटालियनमध्ये शोधत बसू नका. तो तिथे नाही. 'पुट ऑन'मधला 'ऑन'ही नाही, आणि 'टेक इन', 'लेट आउट', 'डू अप' यांतल्या शेपट्यांनाही इटालियनमध्ये एकास एक जोडी मिळत नाही. इंग्रजीत क्रियापद साधं असतं आणि अर्थ त्या छोट्या शेपटीत बसलेला असतो. इटालियनमध्ये तोच अर्थ क्रियापदाच्या पोटात आणि त्याच्या आधी येणाऱ्या 'मी, ती, सी' या छोट्या सर्वनामांत असतो.

ठाण्यात नौपाड्यात मी इटालियन शिकवतो, आणि कपड्यांच्या कॅटलॉगचं भाषांतरही करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत मिलानला डिझाइन शिकायला निघालेली मुलं असतात, खारघरच्या 'निफ्ट'मधले विद्यार्थी असतात आणि निर्यातीच्या मालाची वर्णनं लिहिणारे नोकरदारही असतात. हे सगळे इंग्रजीतून इटालियनमध्ये उडी मारायला जातात. मी त्यांना आधी मराठीत यायला सांगतो. हा सगळा लेख त्या एका आग्रहासाठी आहे, कारण कपडे अंगावर चढवण्या-उतरवण्याच्या बाबतीत आपली भाषा इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे आणि तिची ठेवण अनेक ठिकाणी इटालियनशी जुळते.

आपण साडी नेसतो, शर्ट घालतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो, गजरा माळतो, चष्मा लावतो. इंग्रजी या सगळ्यांना 'पुट ऑन' म्हणून मोकळी होते. वस्तू बदलली की क्रियापद बदलतं ही सवय आपल्याला लहानपणापासून आहे, आणि इटालियनसाठी नेमकी तीच लागते.

आधी उच्चारांबद्दल थोडं

या लेखात सगळे इटालियन शब्द देवनागरीत दिले आहेत. एकच व्यंजन दोनदा जोडलेलं दिसेल तिथे त्यावर थांबून जोर द्या: 'मेत्तो'मध्ये दोन 'त' ऐकू आले पाहिजेत. 'ल्य' हा उच्चार जिभेचा मधला भाग टाळूला लावून करायचा. 'स्बोत्तोनारे'सारख्या शब्दात 'स'च्या मागोमाग 'ब' येतो, तेव्हा तो 'स' आपल्या 'जरा'मधल्या 'ज'कडे झुकतो. एवढं पुरे.

पहिली पायरी: इंग्रजी वाक्य बाजूला ठेवा आणि कृती मराठीत सांगा

समजा वाक्यात 'डू अप' आलं. शब्दकोश उघडण्याआधी विचारा, काय 'डू अप' करायचंय? बटण असेल तर आपण लावतो, नाडी बांधतो, हूक अडकवतो, चेन ओढतो. ही चार वेगळी कामं झाली, आणि इटालियनमध्येही ती वेगळी आहेत. बटणांसाठी 'आब्बोत्तोनारे', त्यात 'बोत्तोने' म्हणजे बटण दडलेलं आहे. नाडी, बुटाची लेस आणि पट्टा यांसाठी 'आल्लाच्चारे', कारण 'लाच्चो' म्हणजे दोरी. हुकासाठी 'आग्गान्चारे', कारण 'गान्चो' म्हणजे आकडा. चेनसाठी 'क्यूदेरे ला चेर्न्येरा', म्हणजे चेन बंद करणं, किंवा बोलताना 'तिरारे सू ला झिप', म्हणजे चेन वर ओढणं.

उलट क्रिया करायची तर बहुतेक वेळा सुरुवातीला 'स' येतो. आब्बोत्तोनारे, स्बोत्तोनारे. आल्लाच्चारे, स्लाच्चारे. आग्गान्चारे, स्गान्चारे. वेस्तीरे म्हणजे कपडे घालणं, स्वेस्तीरे म्हणजे उतरवणं. इन्फिलारे म्हणजे आत सारणं, स्फिलारे म्हणजे ओढून बाहेर काढणं. इंग्रजी 'ऑफ' आणि 'अन' जे काम करतात त्यातलं बरंचसं हा एक 'स' करतो. वहीत या जोड्या समोरासमोर लिहा. एकट्या शब्दापेक्षा जोडी लवकर पाठ होते.

दुसरी पायरी: कपडा कोणाच्या अंगावर जातोय?

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

इटालियनमध्ये 'मेत्तेरे' म्हणजे ठेवणं, घालणं. 'मेत्तो ला जाक्का सुल्ला सेद्या' म्हणजे मी जॅकेट खुर्चीवर ठेवतो. तेच जॅकेट स्वतःच्या अंगावर चढवायचं असेल तर क्रियापदाला 'स्वतःला' जोडावं लागतं: 'मेत्तेर्सी'. मग रूपं होतात मी मेत्तो, ती मेत्ती, सी मेत्ते, ची मेत्त्यामो, वी मेत्तेते, सी मेत्तोनो. 'मी मेत्तो ला जाक्का': मी जॅकेट घालतो. इथला इटालियन 'मी' आपला 'मी' नव्हे, त्याचा अर्थ 'मला, स्वतःला' असा आहे. ऐकायला मात्र तो आपलाच वाटतो आणि विद्यार्थ्यांच्या तोंडात चटकन बसतो.

बोलण्याच्या ओघात इटालियन माणूस कधी कधी नुसतं 'मेत्तो ला जाक्का' म्हणतो. तुम्ही शिकताना 'मी' सोडू नका.

आता कपडा दुसऱ्याच्या अंगावर गेला तर? आपण 'बाळाला टोपडं घातलं' म्हणतो. त्या 'ला'मुळे कोणाचं डोकं ते कळतं. इटालियनची मांडणी तशीच आहे: 'ला माम्मा मेत्ते ला कुफ्येत्ता आल बाम्बीनो', आई बाळाला टोपडं घालते. 'त्याला' म्हणायचं तर 'ल्यी', 'तिला' म्हणायचं तर 'ले': 'ल्यी मेत्तो ले स्कार्पे', मी त्याला बूट घालतो. इंग्रजीत 'आय पुट हिज शूज ऑन' असं वाक्य आलं तर ते बूट कोणाच्या पायात गेले हे संदर्भावरून ठरवावं लागतं. मराठी आणि इटालियन ते वाक्यातच सांगून टाकतात.

यातूनच पुढचा नियम निघतो, आणि इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुलांना तो पुन्हा पुन्हा सांगावा लागतो: 'माय, हिज, हर' हे शब्द गाळा. 'आय टुक ऑफ माय शूज' याचं मराठी 'मी बूट काढले' एवढंच होतं. 'माझे बूट' कोणी म्हणत नाही. दुसऱ्याचे बूट कशाला काढू? इटालियनही तसंच वागते. 'मी तोल्गो ले स्कार्पे' यात 'ले' हे नुसतं निश्चित उपपद आहे, बूट माझे आहेत हे 'मी'वरून कळतं. 'तोल्गो ले म्ये स्कार्पे' असं लिहिलेलं दिसलं की भाषांतर इंग्रजीवरून उचललंय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

कौपिनेश्वर मंदिराबाहेर इटालियन पाहुण्यांसाठी पाटी लावायची झाली, तर 'प्लीज टेक ऑफ युवर शूज'चं इटालियन असं होईल: 'सी प्रेगा दी तोल्येर्सी ले स्कार्पे'. 'युवर' गेलं. एखाद्याशी समोरासमोर बोलताना नातं पाहायचं. मित्राला 'तोल्यिती ले स्कार्पे', घोळक्याला 'तोल्येतेवी ले स्कार्पे', अनोळखी वडीलधाऱ्याला 'सी तोल्गा ले स्कार्पे, पेर फावोरे'. 'काढ' आणि 'काढा' यांतला फरक ज्याला जन्मापासून कळतो त्याला इथे अडचण येऊ नये. इंग्रजी वाक्यात तो फरक दिसत नाही, म्हणून बोलणारा आणि ऐकणारा कोण आहे हे आधी ठरवून घ्यावं लागतं.

तिसरी पायरी: घालतोय की घातलंय?

'पुट ऑन' ही कृती, 'हॅव ऑन' आणि 'वेअर' ही स्थिती. मराठीत 'तो कोट घालतोय' आणि 'त्याने कोट घातलाय' यांत गल्लत होत नाही. इटालियनमध्ये कृतीला 'सी मेत्ते' किंवा चालू क्षणावर बोट ठेवायचं असेल तर 'सी स्ता मेत्तेन्दो'. स्थितीला तीन शब्द आहेत: 'पोर्ता', 'इन्दोस्सा' आणि 'आ अद्दोस्सो'.

'पोर्तारे' हा रोजचा आणि सवयीचा शब्द. 'पोर्ता ल्यी ओक्क्याली' म्हणजे त्याला चष्मा आहे. 'आवेरे अद्दोस्सो' म्हणजे शब्दशः अंगावर असणं, 'हॅव ऑन'ला सगळ्यात जवळचं. 'इन्दोस्सारे' थोडा औपचारिक, छापील वळणाचा. कॅटलॉगमध्ये, बातमीत, हरवलेल्या माणसाच्या वर्णनात तो शोभतो. यात 'दोस्सो' म्हणजे पाठ आहे, अंगावर पाठीकडून चढवलेलं. इटालियन विक्री संकेतस्थळांवर मॉडेलच्या फोटोखाली 'ला मोदेल्ला इन्दोस्सा ला ताल्या एस्से' अशी ओळ सर्रास दिसते.

इथे दोन गोष्टी जपा. 'इन्दोस्सारे'ला 'मी, ती, सी' लागत नाही. 'मी इन्दोस्सो' चूक आहे. आणि 'ही इज वेअरिंग अ जॅकेट' पाहून 'स्ता इन्दोस्सान्दो' लिहू नका. स्थिती सांगायला साधा वर्तमानकाळ पुरतो: 'इन्दोस्सा ऊना जाक्का'. तो इंग्रजी 'इंग' इटालियनमध्ये ओढून आणला की वाक्य परकं वाटू लागतं.

चौथी पायरी: कपड्याची चाल बघा

'मेत्तेर्सी' आणि 'तोल्येर्सी' या दोघांवर निम्मं काम भागतं. घाई असेल तर तेवढे दोनच पाठ करा. पण चांगलं भाषांतर पुढे सुरू होतं.

अंग कपड्याच्या आत सरकत असेल, म्हणजे हातमोजे, बाही, घट्ट स्वेटर, टी-शर्ट, स्लिपर, तर 'इन्फिलार्सी'. 'फीलो' म्हणजे धागा. सुई ओवणं हेही 'इन्फिलारे लागो'. इंग्रजीतले 'स्लिप ऑन', 'पुल ऑन', 'स्लिप इन्टू' हे सगळे इथे येतात. उलट क्रिया 'स्फिलार्सी': 'सी स्फीला इ ग्वान्ती', तो हातमोजे काढतो, अंगठी बोटातून काढणंही हेच. 'थ्रो ऑन'साठी आपण 'अंगात शर्ट अडकवला आणि निघालो' म्हणतो. इटालियन म्हणेल 'मी सोनो इन्फिलातो ऊना माल्येत्ता ए सोनो उशीतो', टी-शर्ट अडकवला आणि बाहेर पडलो. घाई अजून दाखवायची असेल तर 'मी सोनो मेस्सो ला प्रीमा कोझा के मी ए कापिताता', हाताला लागलं ते घातलं.

'तोल्येर्सी'च्या जोडीला 'लेवार्सी' ऐकू येईल, बोलीत विशेष. दोन्ही बरोबर. लिखाणात मी 'तोल्येर्सी' वापरतो.

सगळेच कपडे घालायचे तर 'वेस्तीर्सी', सगळे उतरवायचे तर 'स्पोल्यार्सी' किंवा 'स्वेस्तीर्सी', बदलायचे तर 'काम्ब्यार्सी'. 'चेंज आउट ऑफ' आणि 'चेंज इन्टू' एकाच वाक्यात आले तर दोन इटालियन क्रियापदं वापरा, एक काढण्याचं आणि एक घालण्याचं. एकाच शब्दात कोंबायचा हट्ट नको.

शाल असेल तर 'आव्वोल्जेर्सी नेल्लो श्याल्ले', शालीत गुंडाळून घेणं. 'श्याल्ले' आणि आपली शाल हे दोन्ही शब्द एकाच फारसी शब्दापासून आलेत. टाय असेल तर 'फार्सी इल नोदो आल्ला क्रावात्ता', टायची गाठ मारणं. 'रॅप अप वॉर्म' म्हणायला इटालियन आई 'कोप्रीती बेने' म्हणते, नीट झाकून घे. डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेल्या माणसाला 'इम्बाकुक्कातो' म्हणतात.

बाह्यांकडे जरा थांबू. 'रोल अप' याला तीन उत्तरं आहेत. बाही नुसती वर सरकवली तर 'तिरार्सी सू ले मानिके'. घडी घालत गुंडाळली तर 'आर्रोतोलार्सी'. जुलैत स्टेशनबाहेर पाणी तुंबल्यावर आपण पँट वर दुमडतो तेही हेच, 'मी आर्रोतोलो ई पान्तालोनी'. आणि 'रिम्बोक्कार्सी ले मानिके' म्हणजे बाह्या दुमडणं, शिवाय लाक्षणिक अर्थाने कामाला लागणं. आपण 'बाह्या सरसावून' कामाला लागतो, इटालियनही अगदी तसाच लागतो. इंग्रजी लेखात हा लाक्षणिक अर्थ असेल तर 'रिम्बोक्कार्सी'च घ्या, तिथे तोच सगळ्यात रुळलेला आहे.

'टक इन' म्हणजे आपल्याकडचं 'शर्ट इन करणं'. इटालियन सरळ सांगते: 'इन्फिलारे ला कामीचा नेई पान्तालोनी', शर्ट पँटमध्ये खोचणं. बाहेर सोडला असेल तर 'ला कामीचा फ्वोरी दाई पान्तालोनी'.

'ड्रेस अप'चा गुंता

हे एक जोडक्रियापद तीन ठिकाणी जातं. लग्नाला नटूनथटून जाणं: 'वेस्तीर्सी एलेगान्ते', किंवा थोडं हसतखेळत 'मेत्तेर्सी इन गिन्गेरी', जे आपल्या 'नटणं-मुरडणं'च्या जवळ आहे. मुलांचं राजा-राणी, पोलीस असं सोंग घेणं: 'त्रावेस्तीर्सी' किंवा 'मास्केरार्सी', व्हेनिसच्या कार्निव्हलला लोक करतात ते 'मास्केरार्सी'. तिसरं, एखाद्या साध्या गोष्टीला सजवून मांडणं, तिथे कपड्यांचा संबंधच उरत नाही, वेगळा शब्द शोधा. उलट 'ड्रेस डाउन'ला एकच नेमका शब्द नाही. 'वेस्तीर्सी इन मोदो इन्फोर्माले' लिहा आणि पुढे जा.

भूतकाळ: इथे 'नेसली' कामाला येते

इटालियन शिकताना मुलं इथे घाबरतात, आणि घाबरण्याचं कारण नाही.

'मेत्तेर्सी'चा भूतकाळ 'एस्सेरे'च्या, म्हणजे 'असणं' या क्रियापदाच्या, रूपांनी होतो आणि शेवटचं अक्षर सहसा कर्त्याप्रमाणे बदलतं. बाई म्हणेल 'मी सोनो मेस्सा इल काप्पोत्तो', पुरुष म्हणेल 'मी सोनो मेस्सो इल काप्पोत्तो'. कोट तोच, बोलणारा बदलला. मराठीत बहुतेक सकर्मक क्रियापदं भूतकाळात कर्माप्रमाणे बदलतात: मी कोट घातला, टोपी घातली, बूट घातले. पण 'नेसणे' तसं नाही. बाई म्हणते 'मी साडी नेसले', पुरुष म्हणतो 'मी धोतर नेसलो'. रूप कर्त्याकडे बघतं. तेव्हा 'मेस्सा, मेस्सो' म्हणताना मनात 'नेसले, नेसलो' ठेवा.

मग वाक्यात कपड्याच्या जागी सर्वनाम आलं की पारडं फिरतं आणि रूप कपड्याकडे बघू लागतं, आपल्या 'घातली'सारखं. जाक्का स्त्रीलिंगी, म्हणून पुरुषही म्हणतो 'मे ला सोनो मेस्सा', मी ते घातलं. काप्पोत्तो पुल्लिंगी, म्हणून बाईही म्हणते 'मे लो सोनो मेस्सो'. बूट स्त्रीलिंगी अनेकवचनी: 'मे ले सोनो तोल्ते', मी ते काढले. लक्षात घ्या, सर्वनामापुढे 'मी'चं 'मे' झालं. तसंच 'ती'चं 'ते', 'सी'चं 'से'.

म्हणजे एका भाषेत 'नेसले' आणि 'घातली' असे दोन्ही प्रयोग रोज करणाऱ्या माणसाला इटालियनचे दोन्ही नियम ओळखीचे आहेत. इंग्रजीतून आलेल्याला दोन्ही नवे असतात.

दुकानात: 'ट्राय ऑन' आणि त्यानंतरचं

राम मारुती रोडवरच्या कुठल्याही दुकानात ट्रायल रूमबाहेर उभं राहिलं तर जी वाक्यं कानावर येतात, ती या पायरीचा सगळा अभ्यासक्रम आहेत. 'घालून बघू का?' म्हणजे 'पोस्सो प्रोवार्लो?' 'ट्राय ऑन'साठी 'प्रोवारे' आणि 'प्रोवार्सी' दोन्ही चालतात. ट्रायल रूम म्हणजे 'कामेरीनो'. 'कसा दिसतोय मला?' म्हणजे 'कोमे मी स्ता?' 'घट्ट होतोय' म्हणजे 'मी स्ता स्त्रेत्तो', 'सैल होतोय' म्हणजे 'मी स्ता लार्गो', 'छान दिसतोय तुला' म्हणजे 'ती स्ता बेने'.

या वाक्यांची रचना पाहा. 'मला होतो, तुला दिसतो': माणसाला चतुर्थी, आणि कर्ता कपडा. इटालियनमध्येही तसंच. म्हणून 'ही हॅज ग्रोन आउट ऑफ हिज शूज' हे वाक्य, ज्यावर इंग्रजीतून विचार करणारे अडून बसतात, मराठीतून लगेच सुटतं. 'त्याला आता बूट होत नाहीत': 'ले स्कार्पे नोन ल्यी वान्नो प्यू'. मोठा होणारा मुलगा वाक्यातून मागे सरला आणि बूट पुढे आले, जसे मराठीत येतात. 'गो विथ'सुद्धा असंच: 'ही ओढणी या कुर्त्यावर जाते' याला 'स्ता बेने कोन' घ्या, कॅटलॉगमध्ये 'सी आब्बीना आ' जास्त शोभतं.

माप विचारताना दोन शब्द वेगळे ठेवा. कपड्याचं माप 'ताल्या', बुटाचं 'नूमेरो'. दुकानदार विचारेल 'के ताल्या पोर्ता?' आणि बुटांसाठी 'के नूमेरो पोर्ता?' कॅटलॉग करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी: इटलीतले बायकांच्या कपड्यांचे आकडे फ्रान्सपेक्षा वेगळे चालतात, इटालियन 42 म्हणजे साधारण फ्रेंच 38. आकडा आहे तसा उचलू नका.

शिंप्याकडे

टेलरकडची इंग्रजी जोडक्रियापदं मला सगळ्यात फसवी वाटतात, कारण 'टेक इन', 'टेक अप', 'लेट आउट', 'लेट डाउन' यांत कापडाचं नावही नसतं. आपला आल्ट्रेशनवाला मात्र स्पष्ट बोलतो: फिटिंग करू का, लांबी कमी करू का, मार्जिन आहे, सोडतो. इटालियन 'सार्तो'ही तितकंच स्पष्ट बोलतो.

'टेक इन' म्हणजे 'स्त्रिंजेरे', घट्ट करणं. कमरेत असेल तर 'स्त्रिंजेरे इन वीता'. 'लेट आउट' म्हणजे 'आल्लार्गारे'. 'टेक अप' म्हणजे 'आक्कोर्चारे', आखूड करणं, आणि पँटच्या बाबतीत 'फारे लोर्लो आई पान्तालोनी', खालची दुमड शिवणं. 'लेट डाउन' म्हणजे 'आल्लुंगारे'. चार क्रिया, चार थेट शब्द, शेपूट एकालाही नाही.

हे काम आपण स्वतः करत नाही, करून घेतो. 'पँट आखूड करून घेतली' याला इटालियनमध्ये 'फारे' जोडतात: 'ओ फात्तो आक्कोर्चारे ई पान्तालोनी'. हे 'फारे' सोडलं तर सुई तुम्हीच हातात घेतली असा अर्थ होतो. 'आय हॅड देम टेकन अप' याचं इटालियन 'ली ओ फात्ती आक्कोर्चारे'.

ठाण्याला कापडाची जुनी ओळख आहे. रेमंडची लोकरीची गिरणी इथे 1925 मध्ये सुरू झाली होती, पुढे ती बंद झाली. इटलीत लोकरीच्या कापडासाठी प्येमोन्ते प्रांतातलं बिएल्ला प्रसिद्ध आहे. या धंद्यातल्या लोकांशी बोलायचं असेल तर वरचे चार शब्द आणि 'लोर्लो' आधी शिका, बाकीचं व्याकरण मागून आलं तरी चालेल.

झिजण्यासाठी 'वेअर आउट' आलं तर पुन्हा मराठीत या. बूट झिजतात, कापड विरतं. बुटांना 'सी सोनो कोन्सुमाते', विरलेल्या कोपराला 'लीझो', आणि जुनाट, पार गेलेल्याला 'लोगोरो'.

शेपूटवाली इटालियन क्रियापदं

इटालियनमध्ये अशी क्रियापदं अजिबात नाहीत असं समजू नका. 'तिरारे सू' वर आलंच. 'मेत्तेरे व्या' म्हणजे आवरून ठेवणं, म्हणजे हिवाळ्याचे कपडे 'पुट अवे' करणं. 'बुत्तारे व्या' म्हणजे टाकून देणं. पण 'पुट ऑन' पाहून 'मेत्तेरे सू' लिहिलंत तर घोटाळा होईल. 'मेत्तेरे सू काझा' म्हणजे घर थाटणं, 'मेत्तेरे सू इल काफ्फे' म्हणजे गॅसवर कॉफी चढवणं, 'मेत्तेरे सू पेझो' म्हणजे वजन वाढणं. कोट त्यात बसत नाही.

तसंच इंग्रजी वाक्यात कपडाच नसेल तर सगळा विषय बदलतो. विमान 'टेक ऑफ' करतं तेव्हा 'देकोल्लारे'. खेळाडूने 'हँग अप हिज बूट्स' केलं तर तो निवृत्त झाला, आणि इटालियनमध्येही बूट खिळ्याला टांगतात: 'आप्पेन्देरे ले स्कार्पे आल क्योदो'. खुंटीला खरोखर कोट टांगायचा असेल तर 'आप्पेन्देरे इल काप्पोत्तो'.

एक वाक्य पूर्ण करून बघू

'शी किक्ट ऑफ हर सँडल्स, पुट ऑन हर स्नीकर्स, डिड देम अप अँड थ्रू अ शॉल ओव्हर हर शोल्डर्स.'

मराठी: तिने पायातले सँडल भिरकावले, स्पोर्ट्स शूज घातले, त्यांच्या लेस बांधल्या आणि खांद्यावर शाल टाकली. इंग्रजीतले तिन्ही 'हर' मराठीत आपोआप गळले. चारही कृती तिच्याच अंगावर, म्हणून चारही ठिकाणी 'सी' किंवा 'से'. बाई आहे, म्हणून रूप 'आ'कारान्त. लेस बांधताना बूट सर्वनामात गेले, म्हणून तिथे रूप बुटांप्रमाणे.

इटालियन: 'सी ए स्फिलाता ई सान्दाली, सी ए मेस्सा ले स्कार्पे दा जिन्नास्तिका, से ले ए आल्लाच्चाते ए सी ए बुत्ताता उनो श्याल्ले सुल्ले स्पाल्ले.'

सँडल भिरकावण्यातला झटका 'स्फिलाता'मध्ये थोडा कमी झाला. कथा असेल आणि तो झटका महत्त्वाचा असेल तर 'आ स्काल्चातो व्या ई सान्दाली' घ्या. कॅटलॉगच्या मजकुराला पहिलंच बरं.

साडी आणि फेटा

आपल्याकडच्या वस्तूंचं वर्णन इटालियनमध्ये करायची वेळ येते तेव्हा इंग्रजी वाटेत घेऊच नका. 'साडी घालणं' या इंग्रजी वळणात निऱ्या, पदर, सहा वार कापड, काहीच उरत नाही. 'इल सारी' इटालियनमध्ये पुल्लिंगी आणि दोन्ही वचनांत सारखाच. नुसतं 'इन्दोस्सा उन सारी' चूक नाही, पण नेसण्याची कृती सांगायची असेल तर 'द्राप्पेज्जारे' वापरा, म्हणजे कापड चुण्या घालत अंगाभोवती सोडणं. निऱ्यांना 'प्येगे' म्हणा, आणि पदराला आपलाच शब्द ठेवून एकदा समजावून सांगा: खांद्यावरून मागे सोडलेलं टोक. फेट्यासाठी 'आव्वोल्जेर्सी इल तुर्बान्ते' चालतं.

तपासायचं कसं

भाषांतर झालं की इंग्रजी पान बंद करा आणि फक्त इटालियन वाचा. प्रत्येक कपड्याच्या क्रियापदाला एवढंच विचारा: कपडा स्वतःच्या अंगावर असेल तर 'मी, ती, सी' आहे का, आणि 'इन्दोस्सारे', 'पोर्तारे'ला ते चुकून लागलं तर नाही ना? 'म्यो, सुओ' म्हणजे 'माझा, त्याचा-तिचा' कुठे शिल्लक राहिलंय का? भूतकाळात शेवटचं अक्षर कोणाकडे बघतंय?

शंका उरली तर त्रेक्कानीचा शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहे, तिथे क्रियापदाखालची उदाहरणं वाचा. अर्थापेक्षा कुठल्या वस्तूबरोबर शब्द येतो ते बघायचं. तेवढ्यानेही समाधान झालं नाही तर क्रियापद आणि कपड्याचं नाव एकत्र अवतरणचिन्हांत टाकून फक्त इटालियन पानांवर शोधा. इटालियन दुकानांच्या आणि वर्तमानपत्रांच्या पानांवर ती जोडी दिसली तर ठेवा, फक्त भाषांतरित दिसणाऱ्या पानांवर दिसली तर दुसरं क्रियापद घ्या.